गावात दाळ मिल टाकू की तेलघाणी? मशीन घ्यायच्या आधी गावातली तूर मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही आठ वर्षांपासून बुटीबोरीत कंपनीत आहात, नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडपासून अकरा किलोमीटरवर गाव, ४३० घरं, घरचं पाच एकर वावर, आईवडील गावीच, हाताशी चार लाख रुपये. आता गावी परत येऊन छोटा उद्योग टाकायचा आहे आणि दाळ मिल की तेलघाणी हे ठरत नाही. मशीनवाल्याने २ लाख ८० हजारांत मिनी दाळ मिल देतो म्हटलं आणि महिन्याला ६० हजार सुटतात असा कागद हातात दिला. हे खरं आहे का, असं तुम्ही विचारलं.

मी याच पट्ट्यात एकोणीस वर्षांपासून चक्की, मिरची-मसाल्याचं कांडप आणि दाळ मिल चालवून राहिलो, तिन्ही एकाच टिनाच्या शेडमध्ये. त्यामुळे या एका गोष्टीवर मी अनुभवाने बोलू शकतो, बाकी धंद्यांबद्दल जे जवळून पाहिलं तेवढंच सांगतो.

आधी त्या साठ हजारांचं बघू. मशीनवाला हिशोब कसा करतो, तर मशीन तासाला एक क्विंटल काढते, दिवसाला आठ तास, महिन्याला तीस दिवस, गुणिले मजुरी. हा मशीनच्या ताकदीचा हिशोब झाला, धंद्याचा नाही. मशीन तासाला एक क्विंटल काढेल हो, पण तेवढी तूर तुमच्या दारात आणणार कोण?

तुमच्या गावाचा हिशोब करून बघा. ४३० घरं, त्यातली समजा दोनशे घरं अशी की ज्यांची स्वतःची तूर आहे आणि घरी खायला ठेवतात. आमच्याकडे कापसात-सोयाबीनमध्ये तुरीचे तास, म्हणजे ओळी, असतातच, त्यामुळे हा आकडा फार चुकणार नाही. घरामागे सरासरी ६० किलो धरा, कोणी क्विंटलभर ठेवतो, कोणी तीस किलो. म्हणजे झाली १२० क्विंटल. मी सध्या किलोला ७ रुपये मजुरी घेतो, म्हणजे क्विंटलला ७००. सगळ्या गावाची तूर तुमच्याकडेच आली असं धरलं तरी पूर्ण हंगामाचे ८४ हजार. त्यातून वीज, तेल, वाळवायला ठेवलेल्या माणसाची मजुरी, रोलरची झीज काढली की माझ्या अनुभवाने क्विंटलला ४०० च्या आसपास उरतात. म्हणजे ४८ हजार, आणि ते महिन्याचे नाही, वर्षाचे. कारण तूर निघते जानेवारी-फेब्रुवारीत, लोक दाळ करून घेतात फेब्रुवारी ते मे, आणि मृग लागला की ऊनच नाही, वाळवणार कुठे.

महिन्याला साठ हजार सुटायचे असतील तर वर्षाला १,८०० क्विंटल तूर लागेल, म्हणजे तुमच्यासारख्या पंधरा गावांची. ती तीन-साडेतीन महिन्यांत करायची तर रोजची अठरा क्विंटल झाली आणि वाळवणीला तीन-चार दिवस लागतात, म्हणजे कोणत्याही वेळी अंगणात साठ-सत्तर क्विंटल तूर पसरलेली पाहिजे. एवढी जागा आहे का तुमच्याजवळ? त्या कागदावर या जागेबद्दल एक ओळ नसेल, मी खात्रीने सांगतो.

म्हणून दाळ मिल टाकूच नका असं मी म्हणून नाही राहिलो. माझी स्वतःची आहे आणि मला तिच्याबद्दल माया आहे. पण तुमचा खरा प्रश्न दाळ मिल की तेलघाणी हा नाहीच. तुमच्या गावातून काय कच्चं बाहेर जातं, त्यातलं काय परत पाकिटात विकत येतं आणि गावात पैसा कोणत्या महिन्यात असतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर तुमच्या गावात फिरूनच मिळेल, मशीनच्या दुकानात नाही.

आता इथे खूप काही जागेवर अवलंबून आहे, नागपूर जिल्हा म्हटला तरी सगळीकडे सारखं नाही ना. काटोल-नरखेडकडे संत्रा, तिथे ग्रेडिंग, पॅकिंग, पेट्या, कलमांची रोपवाटिका यावर घरं चालतात. मौदा-रामटेककडे धान, तिथे छोटी राइस मिल समजू शकतो. भिवापूरकडे मिरची, २०१६ मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं. तिथल्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची साफ करायच्या जागांवर, बाया दिवसभर मिरचीचे देठ तोडतात आणि वजनावर मजुरी घेतात. कुही-उमरेड म्हणजे मधला पट्टा, कापूस, सोयाबीन, तूर, चना, जिथे पाणी पोचलं तिथे धान, आणि धानाच्या बांधीत लाखोरी, पोपट ही कडधान्यं. तुमच्या गावाला गोसीखुर्द धरणाचं पाणी येतं का, हे तुम्ही लिहिलं नाही. येत असेल तर पुढच्या पाच वर्षांत लोक तूर कमी करून धानाकडे वळतील का, हे गावातल्या चार मोठ्या शेतकऱ्यांना विचारा, कारण मशीन पंधरा वर्षांची असते आणि पीक दोन वर्षांत बदलतं.

दुसरं, तुमच्या गावात पगारदार किती? उमरेडच्या कोळसा खाणीत, शाळेत, बुटीबोरीत कामाला जाणारे. ही गोष्ट लोक मोजतच नाहीत. ज्या गावात चाळीस-पन्नास घरी दर महिन्याला पगार येतो, तिथे दूध, किराणा, तयार मसाला, सलून असे धंदे बारा महिने चालतात. ज्या गावात सगळेच शेतीवर, तिथे दिवाळीनंतर सोयाबीनचा पैसा येतो, मग कापसाचा, मग तूर-चन्याचा, आणि जून ते सप्टेंबर खिसा कोरा, उलट बी-खताचा खर्च वर. पोळ्याला बैलाचा साज घ्यायलाही उधार करणारी घरं मी पाहतो. अशा गावात जो धंदा पावसाळ्यात रोकड मागतो तो बुडतो.

यावरून मला एक गोष्ट समजली, ती समजायला फार वर्षं लागली. गावात ज्या कामासाठी गिऱ्हाईक थांबू शकत नाही त्याचे पैसे रोख मिळतात, आणि ज्यासाठी थांबू शकतो त्याची उधारी होते. आमच्या गावात सगळ्यात चांगला चालणारा धंदा माझा नाही, मोटर रिवाइंडिंगवाल्याचा आहे, त्याच्या खालोखाल वेल्डिंगवाला. चन्याला पाणी द्यायचं आहे, लाइन रात्रीची आहे आणि पंप जळला, तर माणूस सकाळी सातला मोटर घेऊन त्याच्या दारात उभा, आणि संध्याकाळी पैसे देऊनच घेऊन जातो कारण उद्या परत जळली तर याच्याकडेच यायचं आहे. रोटावेटरचं पातं तुटलं, बंडीचा आख वाकला, तेही तसंच. दाळ मात्र आज नाही केली तर पुढच्या हप्त्यात होते. तुम्ही आठ वर्षं कंपनीत नेमकं काय काम करता हे लिहिलं नाही. मेंटेनन्सला असाल, वेल्डिंग, फिटिंग, वायरिंग येत असेल, तर दाळ मिलचा विचार सोडून आधी त्याचाच करा, मी मनापासून सांगतो. ते हुनर गावात कोणाजवळ नसतं आणि भांडवलही त्याला कमी लागतं.

आता तेलघाणी. लाकडी घाण्याचं तेल म्हणून शहरात मागणी आहे, खरं आहे. पण घाण्यात टाकणार काय? तुमच्या भागात तेलबी म्हणून भरपूर पिकतं ते सोयाबीन, आणि सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्केच. घाण्यावर किंवा छोट्या एक्सपेलरवर त्यातलं बरंचसं ढेपेतच राहतं, म्हणून त्याचं तेल मोठ्या सॉल्व्हंट प्लांटमध्येच, म्हणजे रसायनाने तेल ओढणाऱ्या कारखान्यातच, काढतात. शेंगदाण्यात तेल ४५ टक्क्यांच्या वर असतं, पण तो आपल्याकडे पिकतो किती? बाहेरून विकत आणावा लागेल आणि मग तुम्ही नागपुरातल्या घाणीवाल्याशी भावात लढणार, तेही गावात बसून, तर ते जमणं कठीण. एकच पीक या भागाचं आहे, जवस. आमच्या लहानपणी घरोघरी जवसाचं तेल खायचे, आता पेरा फार कमी झाला. तुमच्या आणि आजूबाजूच्या गावांत अजून जवस पेरणारी पन्नास-साठ घरं असतील तर घाणीचा विचार करता येतो, नसतील तर नाही. एवढं साधं आहे ते.

संत्र्याच्या ज्यूसचं पण कोणीतरी तुम्हाला सुचवलं आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो, तो कडूपणा काढायला वेगळी प्रक्रिया आणि साठवायला थंड साखळी लागते. चार लाखांत ते होत नाही, आणि तुमचा पट्टा संत्र्याचा पण नाही. सोडून द्या.

आता दाळीचं थोडं जवळून सांगतो, म्हणजे काम काय आहे ते कळेल, कारण व्हिडिओत फक्त मशीन फिरताना दाखवतात. तूर आली की आधी चाळून माती, खडे, काडीकचरा काढायचा. मग पहिल्या फेरीत रोलरवर तुरीच्या सालीला ओरखडे पाडायचे, फोडायची नाही. मग तेल चोळायचं, क्विंटलला अर्धा किलोच्या आसपास, हाताने वरखाली करत, सगळ्या दाण्याला लागलं पाहिजे. रात्रभर ताडपत्रीखाली ढीग. दुसऱ्या दिवशीपासून ऊन, दोन-तीन दिवस. मग संध्याकाळी पाण्याचा हबका मारून परत रात्रभर झाकायचं, परत ऊन, आणि मगच फोड. वाळली की नाही हे मी अजूनही दाताखाली दाणा धरून बघतो. कट्ट आवाज करून दोन फाका झाल्या तर झाली, दबला तर अजून एक दिवस. घाई केली की साल दाळीला चिकटून राहते, आणि मग मशीन घट्ट करून साल काढायला गेलात की कणी, म्हणजे दाळीचे तुटके तुकडे, जास्त पडते. सगळा खेळ या चार-पाच दिवसांचा आहे, मशीनवरचं काम तासाभराचं.

क्विंटलभर चांगल्या तुरीतून माझ्याकडे ७० किलो दाळ पडते, कधी ७२. तीन-चार किलो कणी, दहा-अकरा किलो चुनी, म्हणजे जनावरांना घालायचा भुगा, तेवढंच टरफल, बाकी ओलावा आणि धूळ. हे आकडे मी मुद्दाम सांगून राहिलो, कारण याच्यावरच तुमचं नाव राहतं किंवा जातं. दुसऱ्या वर्षी एक मावशी आल्या होत्या, चाळीस किलो तूर घेऊन. अठ्ठावीस किलो दाळ घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी त्या मिलवर आल्या, म्हणे बारा किलो कुठे गेली, तूच ठेवून घेतली. दहा लोक उभे होते. त्यांची चुनी आणि टरफल नशिबाने वेगळ्या चुंगडीत, म्हणजे पोत्यात, बाजूला होतं. ते त्यांच्यासमोर मोजलं, कणी मोजली, बेरीज अडतीसच्या वर गेली, उरलेला दीड किलो ओलावा आणि माती. मावशी काही बोलल्या नाहीत, चुनी उचलली आणि गेल्या. त्या आजही माझ्याकडेच येतात. पण त्या दिवशी चुनी वेगळी ठेवलेली नसती तर माझी मिल त्याच उन्हाळ्यात बंद झाली असती. तेव्हापासून काटा दारात, आकडे गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे. तूर आली की वजन, गेली की दाळ, कणी, चुनी सगळ्याचं वजन आणि चिठ्ठी. चुनी गिऱ्हाइकाची, त्याच्या घरी गायीम्हशी आहेत. ज्याला नको असेल तो सोडून जातो, त्याला तेवढी मजुरी कमी लावतो. प्रत्येकाची तूर वेगळी वाळवायची, नाव लिहून, एकात एक मिसळायची नाही. लोक तुमच्याकडे येतात ते माझ्याच वावरातल्या तुरीची दाळ मला मिळते यासाठी, नाहीतर दुकानात चकचकीत दाळ आहेच की.

इथेच सगळ्यात महत्त्वाचं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या मालावर मजुरी करा, स्वतः माल विकत घेऊ नका. मी ही चूक केली आहे. २०१५ च्या शेवटी तूर दाळ २०० रुपये किलोवर गेली होती, तुम्हाला आठवत असेल. सगळे म्हणाले तुझी स्वतःची मिल आहे, दुसऱ्यांची दाळ काय करून देतो, स्वतःची विक. मी २०१६ च्या उन्हाळ्यात कर्ज काढून नऊ हजारांच्या आसपास भावाने तीस क्विंटल तूर घेतली, दाळ केली, पाकिटं छापली. थोडी गेली, बाकी पावसाळ्यात पडून राहिली, ओल धरली, भुंगा लागला, चाळून-वाळवून बायको आणि मी दोघंही थकलो. त्या वर्षी पाऊस चांगला, तुरीचं पीक अमाप, आणि २०१७ च्या संक्रांतीनंतर नवी तूर ५,०५० च्या हमीभावाच्या पण खाली विकली जात होती, खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या होत्या. माझी दाळ जुनी आणि महाग, नवी दाळ ताजी आणि स्वस्त. कोण घेणार? ते कर्ज मी तीन वर्षं मजुरीच्या पैशातून फेडलं. मजुरीचं काम त्या वर्षी पण तेवढंच चाललं, कारण भाव वर जावो की खाली, घरी खायला दाळ तर लागतेच. तेव्हा जे समजलं ते हेच की माझा धंदा सालीपासून दाळ वेगळी करण्याचा आहे, भावावर डाव लावण्याचा नाही. नागपुरात मोठ्या दाळ मिल भरपूर आहेत, त्यांच्याजवळ गोदाम आहे, दाणे रंगावरून निवडणारी सॉर्टेक्स मशीन आहे, कळमन्याच्या बाजारात रोज बसणारा माणूस आहे. त्यांचा खेळ आपण खेळायचा नाही.

उधारीबद्दल. गावात उधारी बंद असं बोर्डावर लिहून चालत नाही, भाऊबंदकी आहे, शेजार आहे, लग्न-मयतीत एकमेकांच्या दारात जायचं आहे. मी काय करतो, तर चक्कीची उधारी शंभर रुपयांपर्यंत, त्यावर नाही, कोणीही असो, माझा सख्खा चुलतभाऊ असला तरी. दाळीचं असं की मजुरी दिल्याशिवाय दाळ शेडच्या बाहेर जात नाही, आणि पैसे नसतील तर मजुरीऐवजी तेवढ्या भावाची दाळ कापून घेतो. हे सगळ्यांना माहीत आहे म्हणून कोणाला राग येत नाही. राग तेव्हा येतो जेव्हा एकाला सूट देता आणि दुसऱ्याला नाही. नियम पहिल्या दिवशी लावा, दुसऱ्या वर्षी लावायला गेलात की संबंध बिघडतात.

जागा आणि लाइन. शेड गावठाणात टाका, वावरात नाही. गावठाणातली जागा असेल तर नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा जागेचा उतारा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि महावितरणकडे औद्योगिक वापराचं मीटर, एवढ्यावर काम सुरू होतं. वावरात टाकायची तर अकृषकचा, म्हणजे शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरण्याचा, विषय येतो. आणि शेतीपंपाच्या कनेक्शनवर मशीन चालवायचा विचार डोक्यातून काढा, कितीही लोक करत असले तरी. एक तर ते बेकायदेशीर, दुसरं म्हणजे शेती फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वेगळ्या लाइनला, थ्री फेज ठरावीक तासच, त्यातही कधी दिवसा, कधी रात्री. गावठाणच्या फीडरवरही रब्बीत संध्याकाळी व्होल्टेज पडतं, माझी एक मोटर अशीच जळली. स्टार्टर चांगला घ्या, त्यात पैसे वाचवू नका. थ्री फेजच्या अर्जाला किती वेळ लागतो हे आधी बघा. मशीन येऊन शेडमध्ये पडलेली आणि मीटर चार महिन्यांनी, असं माझ्या ओळखीच्या एका पोराचं झालं, हंगाम गेला आणि हप्ते सुरू झाले.

अनुदान. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख, असं अनुदान आहे. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, गावातल्या साध्या प्रवर्गाला २५ टक्के, आणि महिला, मागासवर्गीय वगैरेंना ३५ टक्के, पण त्यात स्वतःची गुंतवणूक अनुक्रमे १० आणि ५ टक्के लागते. अर्ज करायच्या आधी कोणती योजना सध्या चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारा. पण एक नीट समजून घ्या, हे पैसे हातात येत नाहीत. आधी बँकेचं कर्ज, मग अनुदान बँकेतच तुमच्या नावाने वेगळं ठेवलं जातं आणि तीन वर्षं खातं नीट चाललं तरच कर्जात वळतं होतं. हप्ते थकले तर ते जातं. त्यामुळे अनुदान आहे म्हणून मोठी मशीन घेणं म्हणजे दुकानात सूट आहे म्हणून नको तो शर्ट घेण्यासारखं. आधी धंद्याचा हिशोब अनुदानाशिवाय बसतो का ते बघा, बसत असेल तर मग जरूर घ्या, हक्काचं आहे. आणि उद्यम नोंदणी फुकट होते, सरकारी पोर्टलवर, आधार आणि पॅन लागतं. दोन-तीन हजार मागणाऱ्याला देऊ नका. खाण्याच्या वस्तूचं काम आहे म्हणून एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी मात्र पहिल्या दिवसापासून करून घ्या.

आता तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं. या वर्षी नोकरी सोडली नसती. संक्रांतीनंतर रविवारी-रविवारी गावी जाऊन घरोघरी विचारलं असतं, तूर किती पिकली, घरी किती ठेवणार, दाळ कुठे करता, किती देता, मिरची कुठे कुटता, दळण कुठे नेता. वहीत नावानिशी लिहायचं. मग पंधरा-वीस घरांची तूर, प्रत्येकाची वेगळी चुंगडी, नाव घालून, वजन करून, गाडी करून जवळच्या कोणत्याही मिलवर नेली असती आणि दाळ आणून घरपोच दिली असती, मिलवाल्याच्या मजुरीवर किलोला एखादा रुपया वाहतुकीचा लावून. यात कमाई काहीच होणार नाही. पण हंगाम संपेपर्यंत कळेल की वीस घरांची चाळीस झाली की दहाच राहिली, पैसे कोण वेळेवर देतं, कोण देत नाही, आणि हे काम तुम्हाला आवडतं की नाही. खर्च फार तर पाच-सात हजार. दोन लाख ऐंशी हजारांच्या आधी हे सात हजार घालवणं मला फार गरजेचं वाटतं.

वहीत जर दीड-दोनशे क्विंटल दिसली, आजूबाजूची दोन-तीन गावं धरून, तर दाळ मिल टाका, पण एकटी नको. एकटी दाळ मिल चार महिने काम करते आणि आठ महिने तिच्यावर धूळ बसते. चक्की बारा महिने, कांडप मार्च ते मे जोरात आणि बाकी वेळ थोडं थोडं, दाळ फेब्रुवारी ते मे. भाडं एक, मीटर एक, माणूस एक. माझं घर चक्कीवर चालतं, मुलांची फी आणि वरचा खर्च कांडप आणि दाळीवर निघतो, असं धरा.

पण ४३० घरांच्या गावात चक्की आधीच असेल, एक तरी. त्याच्या समोर दुसरी चक्की टाकू नका. दोन्ही मरतात, आणि गावात दोन तट पडतात ते वेगळंच. उलट त्या चक्कीवाल्याकडे जा. वयस्कर असेल, पोरगा नागपुरात असेल, अंगणात जागा असेल, तर त्याच्याच शेडमध्ये दाळीची मशीन लावायचं बोला. त्याचं मीटर, त्याचं गिऱ्हाईक, तुमची मशीन आणि मेहनत, मजुरीत वाटा ठरवा आणि कागदावर लिहा, पाचशेच्या का होईना स्टॅम्पवर, कारण आज काका गोड बोलतील, उद्या त्यांचा पोरगा परत येईल. असं जमलं तर तुमचे चार लाख पूर्ण लागणारच नाहीत. एक लाख तर काही झालं तरी वेगळे ठेवा, घरात आईवडील आहेत, दवाखाना कधी येईल सांगता येत नाही.

आणि घरच्यांशी बोला. तुम्ही लिहिलं की वहिनी बारावी शिकल्या आहेत आणि त्यांना गावी यायचं नाही, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्यावर थांबा. अशा धंद्यात घरचं माणूस काट्यावर बसणारं लागतं, चिठ्ठी लिहिणारं, बायांशी बोलणारं, कारण दाळ आणि मसाला करायला येणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायाच असतात. माझी बायको नसती तर माझी मिल चाललीच नसती, हे मी कोणालाही सांगतो. पण तिला ते काम हवं होतं. वहिनींना नको असेल तर त्यांना ओढून आणून काट्यावर बसवू नका, मग मोटर रिवाइंडिंग किंवा वेल्डिंगसारखं एकट्याने होणारं काम बघा, किंवा अजून दोन वर्षं थांबा.

फेब्रुवारीत आमच्याकडे काम जोरात असतं. त्या महिन्यात चार-पाच दिवस सुट्टी काढून कोणत्याही चालू मिलवर जाऊन बसा, कोणी नाही म्हणत नाही, चहा पण पाजतात. घरची वीस किलो तूर सोबत न्या आणि तिचीच दाळ स्वतःच्या हाताने करा, तेल चोळण्यापासून फोडीपर्यंत. चौदा किलो पडली तर वहीत लिहा, बारा पडली तर का पडली ते त्या मिलवाल्याला विचारा.